एक गोल, पाच सामने : सोचीत ओव्हेच्किन खरंच कमी पडला का?

मागे या सदरात रशियाचा आइस हॉकीपटू ॲलेक्स ओव्हेच्किनच्या ८९५व्या गोलबद्दल चार ओळी आल्या होत्या. ६ एप्रिल २०२५ ला त्याने अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल लीगमधला वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला, एवढीच ती नोंद. त्यावर आलेल्या पत्रांत विक्रमाचं कौतुक थोडं आहे आणि एका जुन्या वादाचा धुरळा जास्त. क्लबसाठी एवढे गोल करणारा खेळाडू देशासाठी ऑलिंपिकमध्ये पदक का आणू शकला नाही? तो खेळला नाही की त्याला खेळता आलं नाही? निवडक पत्रं आणि उत्तरं देत आहोत.

प्रश्न : पहिल्या रेल्वे गेटाजवळ आमचा चहाचा कट्टा आहे. तिथं पोरं या विषयावर रोज भांडालीत. एका गटाचं म्हणणं, २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशिया आपल्याच घरी हरला तो ओव्हेच्किनमुळे, पाच सामन्यांत एकच गोल केला त्यानं. दुसरा गट म्हणतो, एकट्याला दोष कशाला? तुम्ही निकाल द्या.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

निकाल द्यायचाच तर तो असा : दोषातला मोठा वाटा रशियाच्या मांडणीचा, छोटा वाटा ओव्हेच्किनचा, आणि जो उरतो तो निव्वळ नशिबाचा. आता एकेक बघू.

आधी आकडे. पाच सामने, एक गोल, एक असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेला पास). तो गोल पहिल्याच सामन्यात, स्लोव्हेनियाविरुद्ध, खेळ सुरू झाल्यावर ७७व्या सेकंदाला आला. त्यानंतर काही नाही. यावरून पहिला गट बरोबर वाटतो. पण बाकीच्या संघाचे आकडेही शेजारी ठेवा. स्लोव्हेनियाला ५–२ आणि नॉर्वेला ४–० असं हरवलं, ते दोन सामने बाजूला काढा. उरतात अमेरिका, स्लोव्हाकिया आणि फिनलंड. अमेरिकेविरुद्ध प्रत्यक्ष खेळात दोन गोल, दोन्ही पावेल दात्सुकचे, आणि शूटआउटमध्ये हार. स्लोव्हाकियाविरुद्ध जादा वेळ धरून ६५ मिनिटांत शून्य, शूटआउटवर कसाबसा विजय. १९ फेब्रुवारीला उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडविरुद्ध एक गोल, तो इल्या कोवालचुकचा, आणि १–३ अशी हार. म्हणजे तीन खऱ्या सामन्यांत अख्ख्या संघाने मिळून तीन गोल केले. एकाच विहिरीचं पाणी आटलं तर विहिरीला दोष देता येतो. इथे सगळ्या गावाचंच पाणी आटलं होतं.

अमेरिकेविरुद्ध २–२ अशी बरोबरी असताना, शेवटच्या पाच मिनिटांत फ्योदोर त्युतिनचा गोल रद्द झाला, कारण गोलची चौकट जागेवरून किंचित सरकली होती. नियमाप्रमाणे ते योग्यच होतं. पण तो गोल धरला गेला असता तर गटातला क्रम बदलला असता आणि पुढची वाटही. एका खेळाडूवर खापर फोडताना असल्या गोष्टी आपण विसरतो.

मांडणीचं काय चुकलं? ८ फेब्रुवारीपर्यंत हे खेळाडू अमेरिका-कॅनडात लीग खेळत होते आणि १३ तारखेला सोचीत पहिला सामना. एकत्र सरावाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस. इतक्या थोड्या वेळात पॉवर प्लेची, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाची, घडी बसवायची तर प्रत्येकाची जागा ठरलेली हवी. रशियाकडे ओव्हेच्किन आणि कोवालचुक, दोघेही उजव्या हाताचे नेमबाज आणि दोघांचीही आवडती जागा एकच, गोलसमोरच्या दोन वर्तुळांपैकी डावं वर्तुळ. दोन वळू एका गोठ्यात बांधले की एकाला तरी कोपऱ्यात उभं राहावं लागतं. शिवाय त्याच्या वॉशिंग्टन क्लबात ओव्हेच्किनला पलीकडून पास देणारा निक्लास बॅकस्ट्रॉम स्वीडनचा. सोचीत तो दुसऱ्या देशाच्या जर्सीत होता.

आता ओव्हेच्किनचा वाटा. नेम धरायला जागा मिळत नव्हती तेव्हा त्याने जागा बदलायला हवी होती : गोलच्या तोंडाशी घुसणं, गोलरक्षकाच्या नजरेआड उभं राहणं, परतून आलेल्या पकवर (चेंडूच्या जागी असलेल्या रबरी चकतीवर) झडप घालणं. त्याच्याकडे त्यासाठी लागणारी ताकद नक्कीच आहे. फिनलंडविरुद्ध तो बराच वेळ बाहेरच्या बाजूनेच प्रयत्न करत राहिला. हा दोष खरा आहे आणि तो त्याचाच आहे.

राहिलं नशीब. कारकिर्दीत ओव्हेच्किनच्या साधारण १३ टक्के शॉटचे गोल होतात. एखाद्या स्पर्धेत पाच सामन्यांत त्याने २५ शॉट मारले असं धरा. सरासरीने तीन गोल यायला हवेत. पण याच टक्केवारीने हिशेब मांडला तर २५ शॉटमध्ये शून्य किंवा एकच गोल होण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना, तितकाच चांगला खेळूनही, सात स्पर्धांतल्या एकीत हे असंच होणार. ८२ सामन्यांच्या हंगामात अशी चढउतार भरून निघते. ऑलिंपिक पाच-सहा सामन्यांत संपतं, तिथं भरून निघायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : मग मोठे सामने त्याला झेपत नाहीत हे खोटं का?
— एक वाचक, चिकोडी

अर्धं खोटं. २००६ ला तुरिन ऑलिंपिकमध्ये तो २० वर्षांचा होता. आठ सामन्यांत पाच गोल केले, कॅनडाला २–० असं घरी पाठवलं त्या सामन्यातला पहिला गोल त्याचाच. २०१८ ला वॉशिंग्टनने स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफमधला (शेवटच्या बाद फेऱ्यांमधला) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. रशियासाठी २००८, २०१२ आणि २०१४ अशी तीन जागतिक विजेतेपदं आहेत, आणि २०१४ चं तर सोचीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी मिन्स्कमध्ये, अंतिम सामन्यात फिनलंडलाच ५–२ हरवून. एक सावधानता मात्र बाळगा : जागतिक स्पर्धा मे महिन्यात असते, तेव्हा लीगचे प्लेऑफ चालू असतात, त्यामुळे बरेच मोठे खेळाडू तिथे येऊच शकत नाहीत. ऑलिंपिकच्या तोडीचं ते मैदान नव्हे.

उरलेलं अर्धं खरं आहे ते २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमुळे. कॅनडाने रशियाला ७–३ असं धुतलं. रशियाचे तीन गोल दुसऱ्या तिघांचे. त्या सामन्यात कॅनडाने काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. समोरून ओव्हेच्किनची लाइन (एकत्र उतरणारे तीन आघाडीपटू) उतरली की कॅनडा लगेच जोनाथन टोझ, रिक नॅश आणि माइक रिचर्ड्स यांची लाइन उतरवायचा. तिघेही गोल करू शकणारे, पण त्या दिवशी त्यांचं पहिलं काम त्याला वेग घेऊ न देणं. मधल्या पट्ट्यातच अंगाला अंग लावायचं, आपली हद्द सुरू होते त्या निळ्या रेषेवर पक सोडायला लावायचा. आघाडीचा खेळाडू किती चमकला हे विचारण्याआधी समोर कोण उभं होतं हे विचारावं, ते यासाठी.

प्रश्न : कॅनडाच्या सिडनी क्रॉसबीने सोचीत किती गोल केले? त्याच्यावर कोणी टीका करत नाही.
— एक वाचक, निपाणी

सहा सामने, एक गोल, दोन असिस्ट. गोल आणि असिस्ट मिळून गुण धरले तर ओव्हेच्किनपेक्षा एक सामना आणि एक गुण जास्त, बस्स. टीका झाली नाही असंही नाही. पहिले पाच सामने त्याचा एकही गोल नव्हता, तेव्हा कॅनडात बरीच कुरकुर होती. मग अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध ३–० मधला दुसरा गोल त्याने केला, सुवर्णपदक गळ्यात पडलं आणि कुरकुर थांबली. २०१० ला अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल करून त्याने जी पुण्याई साठवली होती तीही कामी आली.

पण खरं कारण वेगळं आहे. त्या स्पर्धेत कॅनडाने सहा सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले. तीन! अशा संघात मुख्य सेंटरने, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूने, पक आपल्याकडे ठेवला, समोरच्या सर्वोत्तम लाइनला त्यांच्याच हद्दीत दाबून ठेवलं, तरी त्याचं काम झालं. उपांत्य सामना तर १–० असा सुटला. रशियाच्या बचावात आणि गोलरक्षणात ती हमी नव्हती, म्हणून त्यांच्या आघाडीपटूंकडून गोलच हवे होते. दोघांचं माप एकच धरायचं तर कामही एकच असायला हवं.

उलट उदाहरण अमेरिकेच्या फिल केसलचं. त्याच स्पर्धेत पाच गोल, तीन असिस्ट आणि सर्वोत्तम आघाडीपटूचा किताब. संघ मात्र उपांत्य फेरीत हरला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडकडून ०–५. गुणांचा तक्ता समोर ठेवून क्रॉसबी वाईट आणि केसल चांगला असं म्हणणारा माणूस सामना बघत नाही, धावफलक बघतो.

प्रश्न : मी लेले मैदानावर हॉकी खेळायचो, लेफ्ट-इन. ओव्हेच्किन उजव्या हाताचा असून डाव्या वर्तुळात का उभा राहतो हे काही कळत नाही. आपल्याकडे असं डावं-उजवं नसतं.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

आपल्याकडे नसतं कारण मैदानी हॉकीत डाव्या हाताची स्टिक नियमानेच चालत नाही. सगळ्यांचा डावा हात वर, उजवा खाली, चेंडू अंगाच्या उजवीकडे. १९६४ ला टोकियोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले आपले बंडू पाटील असोत की आजचा शाळकरी पोरगा, पकड तीच. आइस हॉकीत स्टिकचं पातं डावीकडे वळलेलंही मिळतं आणि उजवीकडेही. खालचा हात उजवा असेल तो उजव्या हाताचा नेमबाज.

आता उभे राहून बघा. गोलकडे तोंड करून डाव्या वर्तुळात उभे राहा. उजव्या हाताच्या खेळाडूचं पातं अंगाच्या उजवीकडे, म्हणजे मैदानाच्या मध्याकडे. पलीकडून, उजव्या बाजूने पास आला की तो सरळ पात्यावर येतो, आणि न थांबवता, एकाच हिसक्यात, शॉट सुटतो. पातं मध्याकडे असल्यामुळे गोलचा कोनही थोडा उघडतो. डाव्या हाताचा खेळाडू तिथे उभा असता तर पास त्याच्या अंगासमोरून जाऊन पलीकडच्या पात्यावर पोचला असता. आधी थांबवा, मग वळवा, मग मारा. तेवढ्यात गोलरक्षक जागेवर आलेला असतो.

वर्तुळाच्या मधल्या ठिपक्यापासून गोलच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ९ मीटर. ताशी १५० किलोमीटर वेगाचा शॉट ते अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून जरा जास्त वेळात, ०.२२ सेकंदात कापतो. गोलची चौकट १.८३ मीटर रुंद, १.२२ मीटर उंच. पास आडवा आला की गोलरक्षकाला एका खांबापासून दुसऱ्याकडे सरकावं लागतं, आणि सरकताना पायांमध्ये, काखेखाली फटी पडतात. शॉटच्या जोराइतकाच तो आडवा पास घातक असतो, हे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पक १५६ ते १७० ग्रॅमचा कडक रबराचा, उसळू नये म्हणून गोठवून ठेवलेला, त्यामुळे तो सरपटत येतो आणि पात्यावर नीट बसतो.

सोचीतली रिंक ६० बाय ३० मीटरची, लीगमधली जवळपास ६१ बाय २६. पुष्कळ जण म्हणाले की रुंद मैदानात रशियन मोकळे सुटतील. तसं होत नाही. ठिपके गोलपासून जवळजवळ तितक्याच अंतरावर असतात. वाढलेले चार मीटर दोन्ही कडांना, फळ्यांच्या बाजूला जातात. बचाव करणारे मधला भाग आवळून बसले की ती कडेची जागा तुम्हाला फुकट देतात, कारण तिथून गोल होत नाही. फिनलंड हा खेळ वर्षानुवर्षं खेळत आलेला देश. त्यांनी रशियाला कडेला हवं तेवढं फिरू दिलं. मागे गोलमध्ये टूका रास्क होता.

प्रश्न : २०१३–१४ च्या हंगामात ५१ गोल करूनही त्याच्या नावापुढे उणे ३५ असा आकडा आहे. हे उणे म्हणजे काय? एवढे गोल करून उणे?
— एक विद्यार्थी, खानापूर

तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. गोल तुम्हीच करायला हवा असं नाही. मेख इथे आहे : तुमचा संघ पॉवर प्लेवर असताना, म्हणजे समोरचा एक खेळाडू दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर असताना केलेला गोल यात मोजत नाहीत. ओव्हेच्किनच्या त्या ५१ पैकी २४ गोल पॉवर प्लेवरचे. ते इथे शून्य. उलट पॉवर प्लेवर असताना समोरच्यांनी पक हिसकावून गोल केला तर उणे एक लागतं. शेवटी आपला गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला आणि रिकाम्या गोलात गोल झाला, तरी उणे. हरणाऱ्या संघाचा मोठा खेळाडू अशा वेळी नेहमी बर्फावरच असतो.

म्हणून उणे ३५ पैकी बराच भाग हिशेबाच्या पद्धतीचा आणि मागच्या गोलरक्षकाचा. तरीही उणे ३५ हा लहान आकडा नाही. पक गेल्यावर परत धावण्यात तो त्या वर्षी आळशी होता हे सामने बघूनही दिसत होतं. हा आकडा पुरावा म्हणून वापरू नका, शंका घेण्याचं कारण म्हणून वापरा.

प्रश्न : कबड्डीत चढाईपटूचे गुण मोजतात तसं इथे सरळ का मोजत नाहीत?
— एक वाचक, येळ्ळूर

कबड्डीतही ते सरळ नसतं. चढाईपटूने दहा गुण आणले, पण सहा वेळा पकडला जाऊन बाहेर बसला, तर तो बाहेर असताना गेलेले गुण कोणाच्या खात्यावर टाकायचे? हॉकीत उलटं आहे, नुकसान तो आत असताना होतं. मोठा आघाडीपटू ६० पैकी सुमारे २० मिनिटं बर्फावर असतो, तीही ४०–५० सेकंदांच्या तुकड्यांत. त्या २० मिनिटांत दोन्हीकडे काय घडलं ते मोजायचं.

प्रश्न : मग आम्ही घरी सामना बघताना स्वतः कसं मोजायचं? साधी पद्धत सांगा, वही-पेनाची.
— हायस्कूलचे एक क्रीडाशिक्षक, खानापूर तालुका

प्रश्न फार आवडला. पद्धत सांगतो, पण एका सामन्यात एकाच खेळाडूची नोंद करायची ही अट पाळा. दोघांची करायला गेलात तर एकाचीही धड होत नाही.

दोनशे पानी वहीचं एक पान एका पिरियडला, म्हणजे सामन्याला तीन पानं. पानाच्या वरच्या भागात रिंकचा अर्धा आराखडा काढा : गोल, दोन वर्तुळं, त्यांचे ठिपके. गोलच्या दोन्ही खांबांपासून दोन ठिपक्यांपर्यंत तिरक्या रेषा, तिथून वर्तुळांच्या वरच्या टोकापर्यंत सरळ रेषा, आणि वर आडवी रेषा जोडा. घराच्या चित्रासारखा आकार होतो. बहुतेक गोल या घरातून होतात.

खाली सहा रकाने. शिफ्ट (खेळाडू बर्फावर असतो तो एक तुकडा) सुरू झाली ती वेळ आणि संपली ती वेळ. त्याचे शॉट. त्याच्या पासवर दुसऱ्याने मारलेले शॉट. त्याने घालवलेला पक. तो आत असताना आपल्या संघाचे शॉट, आणि तो आत असताना समोरच्यांचे शॉट. शॉट म्हणजे गोलकडे मारलेला प्रत्येक फटका, अडवला गेलेला आणि बाहेर गेलेलाही. त्याचा शॉट झाला की आराखड्यावर त्या जागी फुली, गोल झाला तर फुलीभोवती वर्तुळ. पॉवर प्लेची नोंद लाल पेनाने, बाकीची निळ्या.

सामना संपल्यावर निळ्या पेनाच्या नोंदींचा हिशेब. समजा तो आत असताना आपले १८ शॉट, त्यांचे १२. अठराला तीसने भागा, ६० टक्के. मग सामन्याच्या एकूण आकड्यातून हे वजा करून तो बाकावर असतानाचं गुणोत्तर काढा. समजा २० विरुद्ध २४, म्हणजे ४५ टक्के. अशा सामन्यात त्याचा एकही गोल नसला तरी तो चांगला खेळला असं मी छातीठोक म्हणेन. याउलट दोन गोल पॉवर प्लेवर आणि बाकी वेळ ३८ टक्के असेल, तर वर्तमानपत्रात फोटो त्याचा येईल, पण सामना त्याने जिंकून दिलेला नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो. कॅमेरा पकमागे जातो, त्यामुळे खेळाडू मागे किती परतला हे दिसतच नाही. दूरचं दृश्य आलं की पक सोडून त्याच्याकडे बघा. रीप्ले चालू असताना खेळ सुरू झालेला असतो आणि शिफ्टची सुरुवात हुकते, तेव्हा घड्याळाचा आकडा बघून मागाहून लिहा. समालोचक ज्याचं नाव घेतो तो जास्त खेळतोय असं वाटतं, म्हणून आवाज कमी ठेवलेला बरा. सगळ्यात मोठी फसगत शेवटच्या पिरियडची. दोन गोलांनी मागे असलेला संघ कुठूनही शॉट मारत सुटतो आणि पुढे असलेला मुद्दाम मागे सरकतो. त्यामुळे हरणाऱ्याचे आकडे फुगतात. बरोबरी असताना किंवा एका गोलाचा फरक असतानाच्या नोंदी वेगळ्या काढल्या की खरं चित्र दिसतं.

एका सामन्यावरून मत बनवू नका. सलग पाच-सहा सामन्यांची वही झाली की आराखड्यावरच्या फुल्या बोलायला लागतात. फुल्या घराबाहेर सरकल्या असतील तर त्याला कोणीतरी बाहेर ढकलतंय, किंवा तो स्वतःच आत जायचं टाळतोय. यातलं नेमकं काय, हे ठरवायला मात्र पुन्हा सामनाच बघावा लागतो.

प्रश्न : माझी मुलगी बेळगावात इनलाइन हॉकी खेळते, फॉरवर्ड आहे. गेल्या चार सामन्यांत गोल नाही म्हणून प्रशिक्षकांनी तिला मागे खेळवायला सुरुवात केली आहे. तिला पुढे आइस हॉकी खेळायची आहे. तिचं नुकसान होतंय का?
— एक आई, वडगाव, बेळगाव

ताई, मागे खेळवण्याने नुकसान होत नाही. कारण चुकीचं असेल तर मात्र होतं. वरची वही चार सामने तुम्हीच ठेवा. शॉट घराच्या आतून येत असतील तर गोल येतील, जागा बदलायची घाई नको. वही घेऊनच प्रशिक्षकांशी बोला. शॉटच होत नसतील तर पास तिच्यापर्यंत पोचतोय का ते आधी बघा.

बर्फावर जायचं असेल तर मागे खेळण्याचा उपयोगच होईल. इनलाइनमध्ये गोलरक्षक सोडून चारच खेळाडू असतात, जागा मोकळी असते, म्हणून आपल्या मुलांना समोरच्या गोलजवळ थांबून लांब पासची वाट बघायची सवय लागते. बर्फावर पाच जण असतात आणि निळ्या रेषेचा ऑफसाइड असतो. पक रेषा ओलांडायच्या आधी तुम्ही ओलांडलीत की शिट्टी. ती सवय तिथे पहिल्याच दिवशी अंगाशी येते. मागून पुढे, पकच्या बरोबरीने येण्याची सवय बचावात खेळूनच लागते.

स्केटिंगमध्ये सगळ्यात मोठा फरक थांबण्याचा. चाकांवर मागचा पाय आडवा घासून थांबतात. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबायचं असतं, वजन वाकलेल्या गुडघ्यांवर आणि खांदे सरळ गोलकडे. पातं जेमतेम ३ मिलिमीटर जाड, त्याला मधोमध पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना धारा. धार बोथट असेल तर मुलगी सरळ घसरत जाते आणि आपल्यालाच येत नाही असं तिला वाटतं. रिंकवर भाड्याने मिळणारे बूट बहुतेक बोथट असतात, आधी धार लावून मागा. हलक्या वजनाच्या मुलांना पन्हळ जरा खोल लागते. पातं पुढे-मागे किंचित वर वळलेलं असतं, चाकांसारखं सपाट नसतं, त्यामुळे पहिले काही तास तोल पुढे-मागे जाणारच. वळणं मात्र चाकांपेक्षा सोपी जातात.

इथे राहून करण्यासारखं : रोज १० मिनिटं घरच्या गुळगुळीत फरशीवर पात्याने चेंडू हाताळायचा, नजर वर ठेवून. आठवड्यातून दोनदा १०० शॉट, त्यातले निम्मे न थांबवता मारलेले, पास दुसऱ्याने आडवा द्यायचा. सिमेंटच्या कोब्यावर पात्याची खालची कड लवकर झिजते, म्हणून सरावाची स्टिक वेगळी ठेवा आणि दर आठवड्याला टेप बदला. शिफ्ट ४५ सेकंदांची, मग दीड मिनिट विश्रांती, असे आठ फेरे.

पुढची वाट आहे. भारतीय महिला संघाने २०२५ च्या आशिया चषकात, संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला, कांस्यपदक मिळवलं. त्यातल्या बहुतेक मुली लडाख आणि हिमाचलच्या, कारण त्यांच्या दारात जानेवारी-फेब्रुवारीत तळी गोठतात. मोठी बंदिस्त रिंक म्हणजे देहरादूनची. ती २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, मग बरीच वर्षं बंद होती, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. बेळगावहून तिथे वर्षातून एकदा, सलग आठ-दहा दिवस नेता आलं तर तेवढं सुरुवातीला पुरे. दोन-दोन दिवसांच्या चार फेऱ्या करण्यापेक्षा ते बरं, कारण पहिले दोन दिवस नुसतं थांबायला शिकण्यातच जातात.